वाटाड्यांचा गोड इतिहास

सहलीस गेलेल्या मनुष्यास इतिहास नको असतो, गोष्ट हवी असते. तेव्हां वाटाड्यानें ती थोडी गोड करून सांगितली तर बिघडलें काय, असा एक पक्ष आहे. विलायतेची वारी करून आलेल्या आमच्या सुशिक्षित मंडळींत तर तो फारच प्रबळ झालेला दिसतो. लंडनच्या टॉवरमधले डोमकावळे उडून गेले तर इंग्लंडचें राज्य बुडेल आणि म्हणूनच दुसऱ्या चार्ल्स राजानें ते पाळले, ही कथा ऐकून मंडळी परत येतात व दिवाणखान्यांत बसून आम्हांस ऐकवितात. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीं त्या कावळ्यांचा टॉवरमध्यें मागमूसहि लागत नाहीं, असें खुद्द टॉवरच्या इतिहासकारानें जुने कागद चाळून सांगितलें आहे. तें आम्ही सुचविलें कीं, "असेना का, गोष्ट छान आहे!" हें उत्तर ठरलेलें. कावळ्यांपुरतें तें आम्हांसहि मान्य आहे. त्यांची त्यांत कांहीं अप्रतिष्ठा होत नाहीं. परंतु हीच संवय माणसांच्या इतिहासास लागली म्हणजे काय होतें तें पाहावें.

डर्बीशर परगण्यांत ईम नांवाचें एक खेडें आहे. सन १६६५ च्या सप्टेंबरांत लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तेथें प्लेग शिरला, अशी परंपरा आहे. शिंप्याच्या घरीं राहणारा जॉर्ज व्हिकर्स हा पहिला बळी. पुढल्या उन्हाळ्यांत रोग भडकला तेव्हां आसपासच्या गांवांस तो लागूं नये म्हणून ईमच्या लोकांनीं हद्दीबाहेर पाऊल न टाकण्याचें ठरविलें. सीमेवरील दगडाच्या खळग्यांत, व्हिनेगरमध्यें बुडवून नाणीं ठेवावयाचीं व बाहेरच्यांनीं तीं घेऊन माल तेथेंच ठेवून जावयाचें, असा व्यवहार सुरू झाला. १६६६ च्या नोव्हेंबरांत सांथ थांबली, तोंपर्यंत सुमारें २६० माणसें गेलीं होतीं. हॅन्कॉक नांवाच्या एका बाईनें आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलें आपल्या हातांनीं पुरलीं. तीं थडगीं रायलीच्या माळावर आजहि आहेत.

यांत भर घालण्याजोगें काय उरलें? तरीहि भर घातली जाते. प्रवाशास मिळतो तो पुतळ्यासारखा साधु पाद्री विल्यम माँपेसन, त्याचें एक हृदयद्रावक भाषण, तें ऐकून मान तुकविणारा भाविक कळप आणि दरीच्या दोन कांठांवरून एकमेकांकडे पाहणारें एक प्रेमी युगुल. गांवची वस्ती ३५० धरली कीं चारांतले तीन मेले असा हिशेबहि जुळतो; दफ्तर तपासणाऱ्यांनीं ती त्याच्या सुमारें दुप्पट ठरविली आहे, हें कोण सांगत बसतो! हा गोडवा १६६६ चा नव्हेच. ईमच्याच कन्या अ‍ॅना सीवर्ड यांनीं १८ व्या शतकांत आणि त्यांच्या मागून १९ व्या शतकांतील कवींनीं तो पाजला आहे.

खरी हकीकत याहून कठीण आहे. माँपेसन १६६४ सालीं गांवांत आलेला उपरा. लोकांचा त्याच्यावर भरंवसा नव्हता. भरंवसा होता तो टॉमस स्टॅन्ली या जुन्या पाद्र्यावर. पण सरकारमान्य प्रार्थनापद्धति पत्करीना म्हणून त्याची वृत्ति गेलेली. एकमेकांचा धर्म अशुद्ध मानणाऱ्या या दोघांनीं एकत्र बसून मसलत केली, तेव्हां गांव ऐकता झाला. चॅट्सवर्थच्या अर्लकडून अन्नसामुग्रीचें वचन मिळालें होतें, हेंहि विसरतां येत नाहीं. माँपेसननें आपलीं मुलें आधींच बाहेर धाडलीं होतीं; पत्नी कॅथरिन मात्र मागें राहिली व ऑगस्टांत मेली. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगाच्या आठवणी ज्यांच्या घरांतून सांगितल्या जातात, त्यांस हुकुमानें लादलेला बंदोबस्त आणि पटवून घेतलेली संमति यांतील अंतर समजावून देण्याची गरज नाहीं. ईमची थोरवी या संमतींत आहे. कळपाची गोष्ट सांगणारा वाटाड्या नेमकी तीच काढून घेतो. आणि स्टॅन्लीला तर तो पुष्कळदां एका वाक्यांत वाटेला लावतो.

आमच्या बालवर्गांतून म्हटलें जाणारें "रिंगा रिंगा रोझेस" हें गाणें प्लेगाचें आहे, हा शोधहि याच मालांतला. तें इंग्लंडांत १८८१ सालीं छापलेलें आढळतें, प्लेगाशीं त्याचा संबंध २० व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास जोडला गेला, आणि बालगीतांचे थोर संग्राहक ओपी दांपत्य यांनीं तो साफ नाकारला. असो.

खरें सांगितलें तर रस जातो, असें म्हणणारांस आम्ही स्टॅफर्डशरमधील अ‍ॅबट्स ब्रॉम्ले येथें पाठवूं. तेथें दर सप्टेंबरांत सहा पुरुष रेनडिअरचीं प्रचंड शिंगें खांद्यावर घेऊन नाचतात. हें ख्रिस्तपूर्व काळचें पूजन होय, असें ठोकून देणें सोपें आहे. पण १९७६ सालीं केलेल्या परीक्षेंत एक शिंग ११ व्या शतकाचें ठरलें. शिंगांच्या नाचाचें वर्णन मात्र १६८६ सालच्या रॉबर्ट प्लॉटच्या ग्रंथापूर्वीं मिळत नाहीं. मधलीं सहाशें वर्षें तीं शिंगें कोठें होतीं, आणि जो प्राणी त्या काळीं इंग्लंडांत नव्हताच त्याचीं शिंगें समुद्रापलीकडून कोणी आणलीं? यापेक्षां रसाळ प्रश्न कोणती दंतकथा देणार? डॉर्सेटमधील सर्न अ‍ॅबसच्या टेकडीवर खडूनें रेखलेल्या ५५ मीटरांच्या दैत्याचेंहि तसेंच. कोणी त्यास प्रागैतिहासिक म्हणत, कोणी १७ व्या शतकांतील थट्टा. २०२१ सालीं मातीच्या परीक्षेनें तो सुमारें सन ७०० ते ११०० च्या दरम्यानचा ठरवून दोन्ही पक्षांस निरुत्तर केलें.

वाटाड्यांवर सगळा दोष लादण्याची आमची इच्छा नाहीं. परीक्षा देऊन निळा बिल्ला मिळविलेल्या त्यांतील पुष्कळांस खरें काय तें उत्तम ठाऊक असतें. गिऱ्हाईक मागेल तें वाढावें लागतें, इतकेंच.

पण जेथें ही गोडी निव्वळ पडदा होते, तेथें हें समर्थन टिकत नाहीं. ब्रिस्टल शहरांत एडवर्ड कोलस्टनची एक जुनी आख्यायिका आहे : त्याच्या जहाजास भोंक पडलें तेव्हां एका डॉल्फिननें आपलें अंग त्यांत घालून तें वांचविलें. दानशूर मनुष्यावर ईश्वराची कृपा! शाळा व धर्मादाय घरें त्यानें बांधलीं हें खरेंच. तो रॉयल आफ्रिकन कंपनीचा अधिकारी होता, आणि त्याच्या काळांत त्या कंपनीनें सुमारें ८४,००० आफ्रिकनांस गुलाम करून समुद्रापार नेलें व त्यांतील सुमारें १९,००० वाटेंतच मेले असा अंदाज आहे, हेंहि खरेंच. त्यांच्या जहाजांस कोणताहि डॉल्फिन आडवा आला नाहीं. मृत्यूनंतर १७४ वर्षांनीं, १८९५ सालीं, शहरानें त्याचा पुतळा उभारला. ७ जून २०२० रोजीं लोकांनीं तो पाडून बंदरांत लोटला.

याच शहरीं १८३३ सालीं राजा राममोहन रॉय वारले. त्यांची समाधि आर्नोस व्हेलच्या दफनभूमींत आहे. ती पाहावयास जाणाऱ्या आमच्या मंडळींनीं बंदरावरील संग्रहालयांतहि जावें. तेथें कोलस्टनचा तो पुतळा, अंगावरील रंगाच्या डागांसह, आडवा ठेवला आहे. त्याच्यापुढें उभें राहून मग वाटाड्यास डॉल्फिनची गोष्ट सांगावयास लावावी.