गावाचे नाव बदलण्याआधी

मराठी विकिपीडियावर नव्याने लिहिणारे अनेकजण पहिला हात आपल्या गावाच्या पानाला लावतात. त्यांचे मनापासून स्वागत. मात्र पानाचे नाव बदलताना मजकूर उचलून नव्या पानावर चिकटवू नका. आधीच्या संपादकांच्या श्रमांचा इतिहास त्याने तुटतो. त्याऐवजी पान नव्या नावावर हलवणारी ‘स्थानांतरण’ ही सोय वापरा, आणि जुन्या नावावरून नव्या पानाकडे नेणारे पुनर्निर्देशन राहू द्या. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. तरी तिथल्या १९७०च्या एखाद्या प्रसंगाबद्दल लिहिताना तेव्हाचे नावही वाचकाला कळले पाहिजे. इंग्रजी यादीवरून नाव उतरवू नका, तिथे ‘ळ’ हरवतो. पिंपळगावे अनेक आहेत, म्हणून तालुका नोंदवा. मतभेद झाल्यास चर्चा पानावर संदर्भासह बोला. नाव अचूक असेल, तरच शोधणारा योग्य गावापर्यंत पोहोचेल.