गुण आला म्हणजे निदान झालं का?

आपल्याकडे एक समजूत फार पक्की बसली आहे: औषधानं गुण आला, म्हणजे रोग बरोबर ओळखला गेला. रुग्ण असं मानतात, मेडिकलवाला मानतो, आणि याचा जास्त राग येतो तो म्हणजे, आमच्यातलेही अनेक डॉक्टर मानतात. त्वचा आणि पोट या दोन ठिकाणी ही समजूत रोज कुणाचं ना कुणाचं नुकसान करते.

लाली, सूज, खाज, आग, दुखणं या सगळ्याला आम्ही दाह म्हणतो. दाह ही शरीराची प्रतिक्रिया आहे, रोगाचं नाव नव्हे. कातडीवरचा लाल, खाजरा चट्टा गजकर्णाचा असू शकतो, इसबाचा असू शकतो, सोरायसिसचाही असू शकतो. दाह दाबणारं औषध दिलं की तिघांनाही चार दिवस बरं वाटतं. मग त्या बरं वाटण्यातून कळलं काय? काहीच नाही.

गजकर्णाचंच बघा. जांघेत, कमरेला, काखेत खाज सुटली की माणूस मेडिकलमध्ये जातो आणि एक ट्यूब घेऊन येतो. तिच्यात बहुधा क्लोबेटासोलसारखं अतिशय तीव्र स्टेरॉइड, थोडं बुरशीनाशक आणि एखादं अँटिबायोटिक असतं. काही ट्यूबमध्ये तर ऑर्निडॅझोलही असायचं. (अमीबाच्या जुलाबावरचं औषध जांघेत कशासाठी लावायचं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.) स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज थांबते, पण बुरशी मरत नाही. उलट शरीराचा प्रतिकारच दबल्यामुळे ती निवांत पसरते. ट्यूब बंद केली की दुप्पट जोरानं उठते, म्हणून पुन्हा ट्यूब. वर्षभरानं कातडी पातळ होते, जांघेत कायमचे पट्टे पडतात, आणि चट्ट्याची गोल कडा इतकी पुसली जाते की अनुभवी डॉक्टरलाही नुसत्या नजरेनं गजकर्ण ओळखू येत नाही. वेश बदललेल्या या गजकर्णाला आइव्ह आणि मार्क्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी 1968 मध्येच ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असं नाव दिलं होतं. म्हणजे ही माहिती नवी नाही. सरकारनं 2018 मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, त्याच वर्षी कित्येक मिश्रणांवर बंदीही घातली. तरीही चिठ्ठीशिवाय ट्यूब मिळते. नियम कागदावर राहिला आणि ट्यूब काउंटरवर.

खरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे तपासणी किती साधी आहे. चट्ट्याच्या कडेची कातडी बोथट पात्यानं जराशी खरवडायची, काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बुरशीचे धागे असतील तर तिथल्या तिथे दिसतात. आणखी एक तपासणी तर कापसाच्या बोळ्यानं होते. चट्ट्यावर कापूस फिरवल्याचं कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण उशीर झाला तर मज्जातंतूंचं झालेलं नुकसान भरून येत नाही. अशा बधिर चट्ट्यावर सहा महिने ट्यूब घासत बसणं म्हणजे ते सहा महिने फुकट घालवणं.

पोटातही हेच चालतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे ‘गॅसची गोळी’ म्हणून जी उपाशीपोटी घेतात, ती पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल असते. ती आम्ल कमी करते. चांगलं औषध आहे, मीही देतो. पण जठरातला व्रण हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे आहे, अंगदुखीच्या गोळ्यांमुळे आहे की तो कर्करोगाचा आहे, हे ती सांगत नाही. तिन्हींत आराम पडू शकतो. कर्करोगाचा व्रणसुद्धा या गोळीनं काही काळ भरल्यासारखा दिसतो. मार्शल आणि वॉरन यांना या जंतूच्या शोधाबद्दल 2005 मध्ये नोबेल मिळालं. तो शोधायच्या श्वासाच्या आणि शौचाच्या तपासण्या आज उपलब्ध आहेत. मात्र त्याआधी ही गोळी दोन आठवडे बंद असावी लागते, नाहीतर जंतू असूनही तपासणी ‘नाही’ म्हणते. म्हणजे आराम देणारं औषधच पुरावा पुसून टाकतं.

आणखी खाली उतरलं की प्रकरण अधिक अवघड होतं. शौचातून रक्त पडलं की ‘मूळव्याध’ असं ठरवून टाकतात. ‘एका इंजेक्शनमध्ये खात्रीशीर इलाज’ असे फलक रस्तोरस्ती आहेतच. तेच रक्त मोठ्या आतड्याच्या दाहाचं, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसचं असू शकतं. लहान आतड्याच्या शेवटी व्रण सापडले तर प्रश्न पडतो, हा क्षय की क्रोन्स? दोन्ही दुर्बिणीतून सारखेच दिसतात. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला क्षय, तर तो भडकतो. म्हणून आपल्या देशात पुष्कळदा आधी क्षयाची औषधं देतात. ‘गुण आला’ याची खरी परीक्षा इथे झाली. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की क्षयाच्या औषधांनी क्रोन्सच्याही अनेक रुग्णांना बरं वाटलं होतं. पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा फरक कळला. क्षयाचे व्रण भरत आले होते, क्रोन्सचे बहुतेक तसेच होते. रुग्ण म्हणतो बरं वाटतं, आतडं म्हणतं काही बदललं नाही.

यावर मला नेहमी ऐकवतात, “डॉक्टर, तुमचं ठीक आहे. पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड कामगार तपासण्या करत कुठे फिरणार? एक खाडा झाला की पैसे कापतात.” हे खरं आहे, आणि म्हणूनच मी भांडतो. दिवसभर घाम, ओले कपडे, पाठीचं दुखणं आणि त्यावर रोजची वेदनाशामक गोळी, म्हणजे गजकर्ण आणि जठराचा व्रण दोन्हींचा धोका त्यालाच जास्त. हंगामभर ट्यूब आणि गोळ्यांवर तो जे घालवतो, त्याच्या मानानं एकदा कातडी खरवडून बघणं स्वस्त आहे. ती सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रोज हवी, ही मागणी करायची सोडून आपण गरिबीचं कारण पुढे करतो आणि ट्यूब विकत राहतो.

प्रत्येक खाजेला आणि प्रत्येक ढेकरेला तपासणी करा, असं मी म्हणत नाही. तरुण माणसाला तिखट खाऊन जळजळ झाली तर दोन आठवडे गोळी घेऊन बघायला हरकत नाही. पण वजन घटणं, काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं पोटाचं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर गोळीनं आराम पडला तरी थांबू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. चट्टा दोन-तीन आठवड्यांत जात नसेल किंवा औषध थांबवताच परत येत असेल, तर डॉक्टरांना विचारा, “याचं नाव काय? चिठ्ठीवर लिहून द्याल का?” विचारायला संकोच वाटू देऊ नका. आणि येताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून आणा. “पांढरी होती, निळ्या झाकणाची” एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.