डर्बीची पहिली मानकरीण

बुटीबोरीच्या पंचक्रोशींत शर्यत म्हटली कीं बैलांचा शंकरपटच डोळ्यांपुढें यावयाचा. घोड्यांचें वेड मुंबई-पुण्याचें. तेथील मानाची ‘इंडियन डर्बी’ १९४३ सालीं मुंबईस सुरू झाली. हिंदुस्थानांत पैदा झालेलीं चार वर्षांचीं जनावरें आजहि महालक्ष्मीच्या मैदानावर तींत सुमारें दीड मैल धांवतात. खेळ अवघा अडीच मिनिटांचा. तेवढ्यांत पैजेपायीं एखाद्या घरचा महिन्याचा किराणा जातो, हा त्यांतला डाग. परंतु एक गोष्ट आमच्या भगिनींना खचित आवडेल. विलायतेंत मूळची डर्बी १७८० पासूनची. तेथें घोडी जिंकावयास १८०१ साल उजाडावें लागलें. आमच्याकडे मात्र पहिल्याच वर्षीं बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी सर्वांना मागें टाकून गेली!