खाड्याचे पैसे

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी 'खाडा' हा शब्द शाळेत जाण्याआधीच कळतो. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एकच कॅलेंडर. त्यावर आई दोन प्रकारचे खाडे मांडायची. दुधाचे निळ्या शाईने आणि दादांचे तांबड्या शाईने. (वडिलांना आम्ही सगळी भावंडे दादा म्हणतो.) दुधाच्या खाड्याने महिनाअखेर पैसे वाचायचे, दादांच्या खाड्याने ते जायचे. दादा एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते आणि कोळसेवाडीतल्या एका मंडळाकडून कबड्डी खेळायचे. उजवा कोपरारक्षक. सामना असला की संध्याकाळची पाळी बुडे. जिंकून आले तरी आई आधी तांबडे पेन शोधायची.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे आमचे इतिहासाचे सर. औद्योगिक क्रांती शिकवताना गिरण्या, खाणी, कामगारांची वस्ती असे करत करत सर एकाएकी खेळाकडे वळले. वर्गातल्या निम्म्या लोकांनी वह्या मिटल्या. मी मात्र त्या तासाला प्रथमच पूर्ण जागी झाले.

सरांनी सांगितले ते असे. इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर आणि लँकेशायरकडे, रग्बी खेळणारे पुष्कळसे लोक खाणीत आणि गिरणीत राबणारे होते. शनिवारी कामाचा दिवस असे. सामना खेळायचा तर अर्ध्या-पाऊण दिवसाची मजुरी बुडायची. उत्तरेकडचे क्लब म्हणू लागले की बुडालेली मजुरी तरी खेळाडूला द्या. दक्षिणेकडच्या सुखवस्तू मंडळींचा याला कडवा विरोध. खेळ हा हौसेचा, पैसे घेतले की तो बाटतो, असे त्यांचे म्हणणे. ज्याच्या घरची चूल शनिवारच्या मजुरीवर अवलंबून नाही त्याला हे म्हणणे सोपे होते. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी सभा भरवली आणि वेगळी चूल मांडली. दिवसाला सहा शिलिंगपर्यंत बुडीत मजुरी द्यायचे ठरले. त्यातूनच पुढे 'रग्बी लीग' हा निराळा खेळ घडला. १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडू झाले, नियम बदलले. विगन, सेंट हेलेन्स, लीड्स ही तेव्हाची नावे आजही त्या लीगच्या हंगामात दिसतात. हल गावाचे तर दोन क्लब आहेत, नदीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक. आपल्याकडे रेल्वेच्या रुळांनी कल्याणचे पूर्व-पश्चिम केले आहे तसेच. २०२५ चे विजेतेपद पूर्वेकडच्या हल केआरने विगनला हरवून मिळवले हे मी नंतर मुद्दाम शोधून काढले. पूर्वेकडची असल्यामुळे मला उगाच आनंद झाला!

म्हणजे एवढा मोठा व्यावसायिक हंगाम, ते क्लब, ते चषक, या सगळ्याच्या मुळाशी आहे काय, तर खाड्याचे पैसे. मी घरी येऊन दादांना हे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा शिलिंग म्हणजे आपले किती गं?" मला सांगता आले नाही.

आता आपल्याकडे पाहू. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा मी दुसरीत होते. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंच्या दारात बसून आम्ही सामने पाहायचो. पहिल्या हंगामात आठ संघ होते. अंतिम सामना मुंबईतच झाला आणि यू मुंबा जयपूरकडून ३५-२४ असा हरला. त्या रात्री अख्खी चाळ गप्प होती. पुढच्याच वर्षी मुंबाने बेंगळुरूला ३६-३० असे हरवले तेव्हा दादांनी जिलब्या आणल्या.

कबड्डीचे मातीपण गेले, मॅट आली, दिवे आले, नाचगाणे आले, असे म्हणून नाक मुरडणारी मंडळी आहेत. दरवर्षी १५ जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिनी, आपण कबड्डी दिन साजरा करतो. त्या दिवशीच्या भाषणात हा सूर हमखास लागतो. मी त्यांच्यातली नाही. माती चांगली हे खरे, पण मातीत गुडघा फुटल्यावर तिच्या पावित्र्याने तो बरा होत नाही. या लीगने आमच्या खेळाला पैसा आणि मान दिला. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर तीच २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. कबड्डीपटूच्या नावापुढे कोटी लागतात, हे दादांच्या पिढीने स्वप्नात तरी पाहिले होते काय? त्यांच्या काळी कबड्डीचे सर्वांत मोठे बक्षीस म्हणजे नोकरी. मध्य रेल्वे, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा यांचे संघ होते. तिथे चिकटला तो तरला. बाकीच्यांच्या वाट्याला तांबडी शाई.

दुसरी तक्रार ऐकू येते ती परक्या खेळाडूंची. नाव मुंबईचे आणि खेळाडू हरियाणाचे, इराणचे! हेही मला फारसे पटत नाही. अनुप कुमार हरियाणाचा, पण मुंबाचा कर्णधार म्हणून आमच्या चाळीने त्याला आपला मानला. पुढे इराणच्या फझल अत्राचलीने तेच नेतृत्व केले. त्याचा कोपरा पाहून दादा म्हणाले, "हा माणूस पकड घ्यायच्या आधी श्वास मोजतो." दादा स्वतः खटाव तालुक्यातून कल्याणला आलेले. बाहेरून आलेल्याला परका म्हणण्याचा आम्हाला काय अधिकार? शिवाय आपली माणसेही बाहेर जातात. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताच्या मुलींना हरवले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

माझा आक्षेप निराळा आहे. क्लब म्हणजे काय, हा. २०२५ च्या बाराव्या हंगामात बारा संघ होते. सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली इथे झाले. यू मुंबा आणि पुणेरी पलटण ही दोन नावे महाराष्ट्राची, पण महाराष्ट्रात सामना एकही नाही. खेळाडूंचा लिलाव मात्र मुंबईत झाला! पलटण अंतिम फेरीत दिल्लीकडून २८-३१ अशी निसटती हरली, तीही दिल्लीतच. ज्या गावाचे नाव छातीवर लावायचे त्या गावाशी या क्लबांचे नाते नेमके काय? पुण्याबद्दल थोडे बरे बोलले पाहिजे. २०२४ च्या १ मार्चला पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून दहावा हंगाम जिंकला तेव्हा कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, आणि पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले होते. आपल्याकडे मुले आहेत, हे यातून दिसते. प्रश्न असा, की मंडळाच्या मातीपासून त्या मॅटपर्यंतची मधली वाट कोण बांधणार?

आणि आम्हा मुलींना तर ती वाटही नाही. २०१६ मध्ये लीगने महिलांसाठी तीन संघांची एक छोटी स्पर्धा घेतली. आपली अभिलाषा म्हात्रे त्यातल्या एका संघाची कर्णधार होती. अंतिम सामना २४-२३ असा, अवघ्या एका गुणाचा झाला. याहून रंगतदार आणखी काय हवे होते? पण त्यानंतर प्रो कबड्डीच्या छत्राखाली मुलींचा हंगाम झालेला नाही. मुली कमी पडल्या म्हणावे तर तसेही नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यांनी चायनीज तैपेईला २६-२५ ने हरवून सुवर्णपदक परत आणले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला विश्वचषकही जिंकला. क्रिकेटमध्ये मुलींची लीग २०२३ पासून चालू आहे. मग आमच्याच नशिबी पुरुषांचे सामने पाहून टाळ्या वाजवणे का?

पण लीग दूर राहिली, मला त्याखालचे बोलायचे आहे. मीही खेळते. चढाई करते. सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते नऊ कपड्यांच्या दुकानात काम, दिवसाला तीनशे रुपये. सराव फक्त रविवारी. आमच्या मंडळात मुली अकरा. एक घरकाम करते, दोघी डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगला जातात, एक रात्रीची शिकवणी घेते. गेल्या वर्षी एका स्पर्धेत आम्ही उपउपांत्य फेरी गाठली. तो सामना पडला बुधवारी संध्याकाळी पाच वाजता. पाच जणींना सुट्टी मिळाली नाही. म्हणजे सुट्टी मिळाली असती, पण खाडा पडला असता, आणि महिनाअखेर होती. आम्ही संघ उतरवू शकलो नाही. समोरच्या संघाला पुढे चाल मिळाली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तेवढेच दोन शब्द होते. वाचणाऱ्याला वाटले असेल, पोरी घाबरल्या.

ठाण्याच्या श्री मावळी मंडळासारख्या संस्था वर्षानुवर्षे निष्ठेने राज्यस्तरीय स्पर्धा घेत आहेत. वर्गण्या गोळा करून, मांडव घालून, पंचांना चहा पाजून या लोकांनी कबड्डी जगवली आहे. त्यांना दोष देण्याचे पाप मी करणार नाही. मात्र ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या बऱ्याच स्पर्धांत, विशेषतः राजकीय पाठबळाच्या स्पर्धांत, पहिल्या क्रमांकाला मोटारसायकल, मोठमोठे धनादेश, पाहुण्यांना शाली आणि फटाके असतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघाला मिळतो वडापाव. माझी मागणी अशी की मोटारसायकल नको, आधी खाडा द्या. मैदानात उतरलेल्या प्रत्येक खेळाडूला, हरो वा जिंको, त्या दिवसाची बुडीत मजुरी द्या. बारा जणींचा संघ धरला आणि प्रत्येकीला तीनशे दिले तर एका संघाचे छत्तीसशे होतात. एका शालीच्या ढिगाऱ्यात दहा संघ निघतील. आणि ज्या क्लबांनी मुंबई-पुण्याची नावे घेतली आहेत त्यांनी एका खेळाडूच्या किमतीतला लहानसा हिस्सा आपापल्या भागातल्या मुलामुलींच्या स्पर्धांतल्या खाड्यासाठी बाजूला काढला, तर त्यांच्या नावावर आमचाही हक्क आहे असे आम्हाला वाटेल.

कुणी म्हणेल, पैशासाठी खेळायचे म्हणजे खेळाची आवड गेली. १८९५ च्या दक्षिणेकडच्या मंडळींनी हेच म्हटले होते. आमच्याच वर्गातल्या एका मित्रानेही हेच म्हटले. त्याच्या वडिलांचा ठाण्यात बंगला आहे. (मित्रा, रागावू नकोस. तू स्वभावाने चांगला आहेस आणि तुझ्या नोट्स मी नेहमी घेते.) आवड नसती तर आठवड्याचे सहा दिवस उभे राहून साड्यांच्या घड्या घातल्यावर सातव्या दिवशी कोण गुडघे सोलून घेईल? इंग्लंडात १८९८ साली उघड पैसे देण्याला परवानगी दिली तेव्हाही अट होती की खेळाडूला दुसरे कामधंद्याचे साधन असलेच पाहिजे. आम्हाला ती अट पाळायला अजिबात जड जाणार नाही.

दादांनी शेवटचा सामना खेळला तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. दुखापत झाली नव्हती, संघातून काढलेही नव्हते. माझा जन्म झाला आणि महिन्याला चार खाडे परवडेनात, एवढेच. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. आईने सांगितले.

पुढच्या महिन्यात आमची जिल्हा स्पर्धा आहे. काल रात्री आईने विचारले, "किती दिवस?" मी म्हटले, "हरलो तर एक, जिंकत गेलो तर चार." तिने कॅलेंडरचे पान उलटले आणि विचारले, "कुठले चार?"