एकाच फेरीत दोन चाचण्या: पांढुर्णा-सौसरमधील नवजातांच्या श्रवणाचा प्रश्न

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौसर हे तालुके वेगळे काढून मध्य प्रदेशाने पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण केला. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या या मराठीभाषक पट्ट्यातील आरोग्यसेवेची आखणी करताना नवजात बालकांच्या श्रवणतपासणीला आरंभापासूनच स्थान मिळायला हवे.

हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन बालकांत जन्मजात श्रवणदोष आढळतो. तो डोळ्यांना दिसत नाही. मूल बोलत नाही हे ध्यानात येईपर्यंत भाषा आत्मसात करण्याचा मोलाचा काळ सरून गेलेला असतो. म्हणूनच पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, हा दंडक जगभर मानला जातो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे.

तान्ह्या बाळाच्या सहकार्याविना करता येतील अशा दोन वस्तुनिष्ठ चाचण्या उपलब्ध आहेत. पहिली ओएई. निरोगी अंतर्कर्ण ध्वनीला उत्तर म्हणून स्वतःच क्षीण ध्वनी बाहेर टाकतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले. ही चाचणी तोच ध्वनी टिपते. दुसरी एबीआर. तीत डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांद्वारे श्रवणचेता आणि मेंदूच्या तळाशी उमटणारे विद्युत संकेत मोजले जातात. केवळ ओएई केल्यास अंतर्कर्ण शाबूत पण चेतेचे कार्य बिघडलेले बालक 'उत्तीर्ण' ठरून घरी जाते. तीव्र कावीळ झालेल्या आणि अतिदक्षता विभागात राहिलेल्या बालकांना हा धोका अधिक असतो.

दोन्ही प्रतिसाद 'क्लिक'सारख्या एकाच ध्वनीने जागवता येतात, हा एकत्रित मापनाचा पाया. कानातील सूक्ष्म ध्वनिग्राहक अंतर्कर्णाचे उत्तर टिपतो, त्याच क्षणी इलेक्ट्रोड चेतेचे उत्तर नोंदवतात. एका झोपेत काम उरकते. शिवाय दोन्ही नोंदी एकाच अवस्थेतील असल्याने त्यांची तुलना विश्वासार्ह ठरते.

गोव्यात बहुतेक भागांतून बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय दोन तासांच्या आत गाठता येते. पांढुर्ण्याच्या खेड्यातील बाळंतिणीला मात्र मोठ्या उपचारासाठी छिंदवाडा किंवा सीमेपलीकडील नागपूर गाठावे लागते. संत्र्याच्या बागेत वा कापसाच्या शेतात मजुरी करणाऱ्या कुटुंबासाठी दुसरी फेरी म्हणजे बुडालेला रोज. 'पुन्हा या' असे सांगितलेली बालके गळतात ती येथेच. यंत्राने वाचवलेल्या मिनिटांपेक्षा वाचलेली फेरी अधिक मोलाची आहे.

तथापि, यंत्र हे निम्मेच उत्तर. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात द्रव राहिल्याने निरोगी बालकही नापास होऊ शकते. गोंगाटाच्या प्रसूतिकक्षात मापन बिघडते. त्यामुळे शांत खोली, प्रशिक्षित कर्मचारी आणि संशयित बालकाचा पाठपुरावा करणारी आशा कार्यकर्ती हवीच. सीमेवर आणखी एक अडचण आहे. चाचणीला भाषा लागत नाही, पण श्रवणयंत्र बसल्यानंतरच्या वाणी-प्रशिक्षणाला लागते. घरात मराठी ऐकणाऱ्या मुलाला केवळ हिंदीतून प्रशिक्षण मिळाले, तर आईला घरी तो सराव पुढे नेणे कठीण जाते. यंत्रखरेदीचा प्रस्ताव तयार होईल तेव्हा मराठी जाणणाऱ्या प्रशिक्षकाचे पदही त्याच कागदावर असले पाहिजे.