हुप्प्याचें पितृत्व

‘पितृ’ हा शब्द वैयाकरण ‘पा’ म्हणजे रक्षण करणें या धातूपासून सिद्ध करतात. संस्कृताच्या वर्गांत ही व्युत्पत्ति आम्हीं पुष्कळ वर्षें शिकविली. तिचें जिवंत भाष्य मात्र आपल्या वऱ्हाडांतच, परतवाड्याहून सेमाडोहकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, सागाच्या फांद्यांवर बसलेलें असतें. वानरांचा कळप पाहिला नाहीं असा वऱ्हाडी वाचक विरळाच. 1974 पासून व्याघ्रप्रकल्प असलेल्या मेळघाटांत, नरनाळ्याच्या तटावर, वरूड-मोर्शीकडील संत्र्यांच्या बागांत आणि खेड्यांतील कवेलूंच्या छपरांवर हे काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे पाहुणे नित्याचेच. त्यांतील नराला आपण त्याच्या हाकेवरून हुप्प्या म्हणतों.

कळपाकडे थोडा वेळ स्वस्थ बसून पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. नवजात पिल्लू काळसर रंगाचें असतें, आणि तें सारखें या कुशींतून त्या कुशींत फिरत असतें. आई पाला खात असली म्हणजे मावशी घेते. मावशीकडून दुसरी एखादी तरुण मादी ओढून घेते. हुप्प्या तेवढा दूर, उंच फांदीवर, पाठ करून बसलेला. तें पाहून आमची सून एकदां म्हणाली, “मामंजी, हे तर अगदीं जुन्या काळचे वडील!”

थट्टा मार्मिक होती. जुन्या एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांदेखत बापानें स्वतःचें मूल उचलून घेणें हें मर्यादेला सोडून समजत. मूल आजीच्या, काकूच्या, आत्याच्या कडेवर वाढे. (त्याच बापांनीं पुढें नातवंडें मात्र मनसोक्त खेळविलीं, ही गोष्ट वेगळी.) पण हुप्प्याच्या त्या उंच बैठकीला अर्थ आहे, आणि तो जरा भीषण आहे.

वानरांच्या पुष्कळ कळपांत प्रौढ नर एकच असतो. बाकीचे नर टोळ्या करून बाहेर भटकतात व संधि पाहत असतात. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानें 1961 ते 1963 या काळांत धारवाडच्या रानांत वानरांचा अभ्यास केला. तेथें अशा एका टोळीनें कळपावर चाल करून जुन्या नराला हुसकून लावलें, टोळींतील एक नर धनी झाला, आणि लवकरच कळपांतील पिल्लें त्याच्या दातांना बळी पडलीं. पुष्कळांनीं प्रथम ही विकृति मानली. पुढें 1971 पासून अबूच्या पहाडावर सारा हर्डी या अमेरिकन विदुषीनें निरीक्षणें केलीं आणि 1977 सालच्या आपल्या ग्रंथांत त्यामागचा हिशेब मांडला. अंगावर पिणारें पिल्लू असेपर्यंत मादी सहसा पुन्हां गर्भ धारण करीत नाहीं. तें मेलें कीं ती लवकर माजावर येते. नव्या धन्याला घाई असते, कारण अबूला अशा धन्याचें राज्य सरासरीनें सव्वादोन वर्षांचेंच भरलें.

वाचकांनीं गणित करून पाहावें. गर्भवास सुमारें 200 दिवसांचा. दूध सुटण्यास पुढें आणखी वर्षभर. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ हुप्प्यानें ठाण मांडलें, तरच त्याचें एक पिल्लू मार्गी लागतें. त्याला तो खांद्यावर घेत नाहीं. पण तो हटला कीं पिल्लाचें आयुष्य टांगणीस लागलें. नेपाळांतील रामनगर येथें एकेका कळपांत अनेक नर असतात. तेथें कॅरोला बोरीस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विष्ठेंतील डी.एन.ए. तपासून 1999 सालीं दाखविलें कीं, पिल्लांवर हल्ला करणारे नर त्यांचे जनक नव्हते. आणि आड येणारे नर हे जनक, किंवा निदान गर्भधारणेच्या वेळीं कळपांत असलेले होते.

आतां दुसरें टोक पाहा. दक्षिण अमेरिकेंत तिती नांवाचीं लहान माकडें आहेत. त्यांच्यांत बाप पोराला दिवसाचा बहुतेक वेळ पाठीवर वाहतो; आईकडे तें मुख्यतः दुधापुरतें जातें. मात्र तिती जोडप्यानें राहतात. तेथें ना मावशी, ना काकू. आमच्या सुनेच्या थट्टेचें उत्तर आम्हांस येथें सांपडतें. घरांत हात किती आहेत, यावर बापाच्या हातांचें काम ठरतें. अकोल्याचा वाडा सोडून पुण्यास दोन खोल्यांत बिऱ्हाड केलेल्या चिरंजीवांनीं “आमचे वडील कधीं पोर घेत नसत” असें म्हणून मोबाइलमध्यें तोंड खुपसून बसूं नये. त्या वडिलांच्या घरीं चार काकू होत्या.

कालिदासानें रघुवंशाच्या आरंभीं दिलीपाला प्रजेचा पिता म्हटलें आहे, तें शिस्त लावणें, रक्षण करणें आणि पोसणें हीं तिन्ही कामें तो करी म्हणून. प्रजेचे जन्मदाते केवळ जन्मापुरते. हुप्प्याकडे यांतील एकच काम आहे, आणि तेंहि स्वतःच्या पिल्लांपुरतें. पुतण्याला पोटच्या पोराबरोबर एकाच पंक्तीस बसवून शिकविणारा काका त्याच्या कल्पनेंत बसावयाचा नाहीं.

तरी एक गोष्ट राहून राहून मनांत येते. जोधपूरच्या वानरांत असें पाहण्यांत आलें आहे कीं, धनी हुसकला गेला म्हणजे कळपांतील दूध सुटलेले लहान नरहि पुष्कळदां त्याच्याबरोबर बाहेर पडतात. माद्या व मुली मागें राहतात. हे पोरगे मग भटक्या नरांच्या टोळींत वाढतात. आणि पुढें एखाद्या दिवशीं दुसऱ्या कोणाच्या कळपावर चाल करून जाणाऱ्यांत तेहि असतात.