म्हातारीचे हाड आणि घरच्यांचा मुहूर्त

भिवंडी तालुक्यात भाताच्या बांधावर किंवा मागाच्या कारखान्यात म्हातारे माणूस घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले, की घरोघर एकच बोलणे ऐकू येते : "आता या वयात कशाला चिरफाड? निजू द्या." ही माया नव्हे, हा अडाणीपणा आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

अंथरुणास खिळलेल्याच्या पाठीस जखमा पडतात, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत रक्त गोठते. मोडक्या हाडापेक्षा हेच लवकर मारते. म्हणून प्रकृती पेलत असेल तर दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असे जाणते डॉक्टर सांगतात. आमचे बंधू मात्र अमावास्या सरण्याची वाट पाहतात. अमावास्या सरते, तिच्याबरोबर म्हातारीही सरते!

सुरी चालवणे डॉक्टरचे काम. आधीचे व नंतरचे निम्मे काम घराचे. रोजच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवाव्या. रक्त पातळ करणारी किंवा साखरेची गोळी लपली तर जिवावर बेतते. मशेरी, विडी बंद करावी. किती तास उपाशी राहायचे ते विचारावे. एकादशी समजून आदल्या दिवसापासून पाणी तोडू नये.

नंतर म्हातारी रात्री बरळू लागली, लेकास ओळखेना, तर बाहेरची बाधा म्हणून अंगारा आणू नये. शस्त्रक्रियेनंतर वृद्धांस असा भ्रम पुष्कळदा होतो. वेदना, ताप, औषध, तुंबलेली लघवी अशी त्याची कारणे असतात. तत्काळ परिचारिकेस सांगावे, चष्मा द्यावा, ओळखीचे माणूस उशाशी बसवावे. डॉक्टरांनी मुभा देताच, बहुधा दुसऱ्याच दिवशी, धरून उठवावे.

पैशाची सबब कोणी सांगेल. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचे कार्ड मिळते. योजनेतील रुग्णालयांत कुटुंबातील अशा वृद्धांस मिळून सालास ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतो. ते कार्ड म्हातारी पडण्याआधी काढा.

पण सारा दोष घरावर घालणे अन्याय होईल. रुग्णालयातून सोडताना हाती येणारा कागद बहुधा इंग्रजी असतो. तो मराठीत आणि उर्दूत द्यावा, अशी आमची मागणी आहे. आम्ही शाळेत लेकीसुनांना अक्षरे शिकवली ती कशासाठी? सुनेला जो कागद वाचता येत नाही, तो म्हातारीच्या काय कामाचा?